सासऱ्यांच्या मापाचा दस्ता

त्या उन्हाळ्यात माझा उजवा गाल सतत काळानिळा असायचा. एक डाग गालाच्या हाडावर आणि दुसरा उजव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली. दंडावरचा बाहीखाली झाकला जायचा, गालावरचा पावडर लावूनही दिसायचा. ऑफिसमधले जर्मन लोक असल्या गोष्टींबद्दल विचारत नाहीत. एकदा बघतात आणि मग तुमच्या कानाकडे बघत बोलतात. विचारलं ते आमच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी. मी खोकल्यासाठी गेले होते. त्यांनी छाती तपासली, बाही वर करायला लावली, दंड पाहिला आणि उठून दार नीट लावून घेतलं. नवरा बाहेर मासिक चाळत बसला होता.

"इथे आपण दोघीच आहोत," त्या म्हणाल्या. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी ठीक नाही," मी म्हणाले, "पण हे बंदुकीमुळे झालंय. सासऱ्यांच्या."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. की माझ्याकडे शिकारीचा परवाना आहे, मी रेंजवर मातीच्या तबकड्या उडवायला जाते, आणि बंदूक उडाली की तिचा दस्ता माझ्या गालावर बसतो. त्यांनी ऐकून घेतलं. "मग ती बंदूक वापरू नका," म्हणाल्या. मी म्हटलं, मला तीच वापरायची आहे. त्यांनी मलम लिहून दिलं आणि निघताना हळूच म्हणाल्या, की आणखी काही सांगावंसं वाटलं तर वेळ न घेताही या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, हे मला त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं.

आम्ही तेव्हा नेकारसुल्मच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या एका गावात राहत होतो. युरो येऊन काही वर्षं झाली होती आणि सासरे अजूनही प्रत्येक गोष्टीची किंमत मार्कमध्ये सांगून संताप करून घ्यायचे. घर त्यांचं. खाली ते एकटे, वर आम्ही दोघं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी कोल्हापूरची, कार्ल्सरूहेला शिकायला आले आणि मग गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. बुटका माणूस असो की उंच, त्याचे पाय पेडलवर आणि डोळे काचेसमोर नीट यावेत म्हणून सीट किती पुढे सरकली पाहिजे, किती वर उचलली गेली पाहिजे, हे ठरवण्याचं माझं काम.

सासरे उंच होते. रुंद खांदे, लांब मान आणि मोठा चौकोनी चेहरा. त्यांच्याबद्दल मराठीत बोलताना मी आजही 'ते' म्हणते. तो भाषेचा संस्कार आहे, माझ्या मनात तसं काही नाही. त्यांनीही मला कधी शिवीगाळ वगैरे केली नाही. जेवायला बसल्यावर मी समोर असताना ते मुलाला विचारायचे, "ती रानडुक्कर खाते का?" मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, "खाते." मग ते मुलाला म्हणायचे, "काय म्हणाली?" माझं जर्मन चांगलं होतं. त्यांचं माझ्याशी बोलतानाचं श्वाबिश, म्हणजे तिकडची बोली, मात्र मुद्दाम जास्तच जाड व्हायचं.

ते शिकारी होते. गावाजवळचं शिकारीचं रान त्यांनी आणखी दोघा मित्रांबरोबर भाड्याने घेतलेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मलाही हाक्याला नेलं. केशरी जाकीट, हातात काठी, आणि काटेरी झुडपांतून ओरडत पुढे जायचं, म्हणजे ससे पलीकडे उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांसमोर पळतात. माझे हात ओरबाडून निघाले, पण मला मजा आली होती. दुपारी सगळे शेकोटीभोवती सूप पीत उभे असताना सासऱ्यांच्या एका मित्राने विचारलं, "सूनही शिकारीचा परवाना काढणार की काय?"

"कशाला?" सासरे म्हणाले. "हाके घालणं तिच्या लोकांच्या रक्तातच आहे. तिकडे साहेबांसाठी तेच तर करायचे."

सगळे हसले. माझा नवराही हसला. घरी आल्यावर तो म्हणाला, "अगं, मी हसलो नाही, फक्त तोंड हललं." मी सोमवारी ऑफिसातून फोन करून शिकारीच्या वर्गात नाव घातलं.

तो वर्ग किती कठीण असतो हे जर्मनीत राहणाऱ्यांना माहीत असेल. झाडं, पक्षी, प्राण्यांचे रोग, कायदे, कुत्र्यांच्या जाती, आणि सगळं तोंडपाठ. मी शनिवार-रविवार घासून अभ्यास केला आणि पहिल्याच फटक्यात पास झाले. नेमबाजीच्या परीक्षेतही. तिथे सगळ्यांना वर्गाच्याच बंदुका होत्या. माझ्या वाट्याला एक आखूड दस्त्याची, जुनी, ओरखडे पडलेली बंदूक आली होती आणि तिने मी पुरेशा तबकड्या फोडल्या. हे लक्षात ठेवायला हवं होतं. मी तेव्हा ठेवलं नाही.

पास झाले त्या आठवड्यात सासऱ्यांनी मित्रांना रेंजशेजारच्या त्यांच्या लाकडी खोपीत बोलावलं. बीअर होती, सॉसेज होते. त्यांनी हिरव्या कापडी म्यानातून एक बंदूक काढली. एकावर एक नळ्यांची दुनळी, अक्रोडाच्या गडद लाकडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली बारीक जाळी. त्यांची स्वतःची बंदूक. "घरातली आहे, घरातच राहावी," ते म्हणाले. "सुनेला देतोय." मित्रांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. त्या आठवणीने मला आजही स्वतःची चीड येते.

पुढच्या आठवड्यात बंदूक रीतसर माझ्या परवान्यावर चढली आणि माझे हाल सुरू झाले.

बंदुकीचा दस्ता म्हणजे मागचा लाकडी भाग. त्याचं एक टोक, म्हणजे टाच, खांद्याला टेकतं आणि वरच्या कडेवर गाल ठेवून बघायचं असतं. छऱ्यांच्या बंदुकीला मागे नेम धरायचं काही साधन नसतं, फक्त पुढे नळीच्या टोकाला एक मणी. मागे असतो तो आपला डोळा. दस्ता आपल्या अंगाला बसत असेल तर गाल टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. नसेल बसत, तर तुम्ही बघता एकीकडे आणि छर्रे जातात दुसरीकडे.

ही बंदूक वर उचलली की दस्त्याची टाच माझ्या काखेतल्या कपड्यात अडकायची. सोडवून खांद्याशी आणेपर्यंत तबकडी निम्मं आकाश ओलांडून गेलेली. मग घाईत ती खांद्याऐवजी दंडावर टेकायची. टाचेचं खालचं टोक छातीत रुतायचं, ते वेगळंच. गाल टेकवला तर मला समोर नळी दिसायचीच नाही, नळीच्या मागचं लोखंड दिसायचं, कारण दस्ता लांब मानेच्या माणसासाठी खाली उतरता केलेला. नळी दिसावी म्हणून मी डोकं वर उचलायचे. चाप ओढला की दस्ता उसळून थेट गालाच्या हाडावर.

सासरे माझ्या मागे उभे राहायचे. तबकडी अख्खी पलीकडे जाऊन गवतात पडली की मोठ्याने म्हणायचे, "फोर्बाय!" म्हणजे हुकली. ते प्रत्येक तबकडीला म्हणायचे. शेजारच्या पट्ट्यावरचे लोक वळून बघायचे.

"बंदूक मला लांब होतेय," मी एकदा म्हणाले.

"बंदूक लांब नाही. हात आखूड आहेत."

"दस्ता माझ्या मापाचा करून घेता येईल ना?"

"ही काही तुझी मोटारीची सीट नाही," ते म्हणाले. "माणसाने बंदुकीला बसायचं असतं, बंदुकीने माणसाला नाही."

त्यांच्या मित्रांमध्ये आता मी गमतीचा विषय झाले. परीक्षा पास कशी झाली, असं कोणीतरी विचारल्याचं माझ्या कानावर आलं. एकाने मला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला. मी रात्री आरशात गाल बघायचे आणि दर रविवारी पुन्हा जायचे. आईला फोनवर यातलं काही सांगितलं नव्हतं. "सासरे कसे आहेत?" ती विचारायची. "ठणठणीत," मी म्हणायचे.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यानंतरच्या शनिवारी मी जवळच्या शहरातल्या बंदूकवाल्याकडे गेले. साठीचा माणूस, सासऱ्यांच्या शिकारीच्या टोळक्यातला, त्यामुळे मला ओळखत होता. मी बंदूक काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "दस्ता कापून माझ्या मापाचा करा."

त्याने बंदूक ओळखली. उचलून दस्त्यावरून हात फिरवला. "ही? हिला मी करवत लावू?"

"का? लागत नाही?"

"हा दस्ता माझ्या वडिलांनी केलाय. तुमच्या सासऱ्यांचं माप घेऊन. तुम्हाला सांगतो, माझे वडील वैतागले होते. तुमचे सासरे पुन्हा पुन्हा यायचे, गालाखाली केसभर कमी करा, टाच जरा तिरकी करा. बंदूक मापाची नसेल तर ती बंदूक नव्हे, काठी आहे, असं म्हणायचे ते. आम्ही अजून दुकानात ते वाक्य वापरतो." तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

"माझे सासरे म्हणायचे?"

"हो. म्हणजे, तरुणपणी." तो बंदूक म्यानात घालू लागला. "त्यांना विचारल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही."

"बंदूक माझ्या परवान्यावर आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "कागदावर."

मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही. त्यांना समजत नाही, जुन्या वळणाचे आहेत, असं मी इतके महिने स्वतःला समजावत होते. त्यांना सगळं समजत होतं. टाच कुठे रुतते, गाल कुठे फुटतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजत होतं, आणि ते माझ्या मागे उभे राहून "फोर्बाय" म्हणत होते.

रविवारी दुपारी आम्ही खाली जेवायला बसलो. हा रिवाज होता. सासरे मांस कापत होते, नवरा सगळ्यांच्या ताटात श्पेट्झल, तिकडच्या जाड शेवया, वाढत होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. "काय म्हणते?"

"माझ्याशी बोला. ही बंदूक मला बसणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही स्वतः माप देऊन ती करून घेतली आहे."

त्यांनी सुरी पुसली आणि ताटलीच्या कडेला ठेवली. "आल्झो, बरं तर," ते म्हणाले. "माहीत होतं."

"मग मला का दिलीत?"

"वाटलं, दोन-चार महिन्यांत सोडशील. गाल सुजला की बायका सोडतात." त्यांनी खांदे उडवले. "मला माझ्या रानात तू नको आहेस. तोंडावर सांगितलं असतं तर यानं रुसून दाखवलं असतं. म्हणून."

इतकं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"बाबा," तो म्हणाला.

"मी दस्ता कापून घेणार आहे," मी म्हणाले.

आता मात्र त्यांचा चेहरा बदलला. "ते लाकूड माझ्या गालाखाली तीस वर्षं होतं. त्याला करवत लागली तर तू या टेबलावर बसायचं नाहीस."

"चालेल," मी म्हणाले आणि उठले. ताट तसंच ठेवून वर गेले. भूक लागली होती, त्याचाही राग आला.

नवरा मागोमाग आला. दारातच उभा राहिला. "आपण दुसरी बंदूक घेऊ. तुझ्या मापाची, नवीन. ही त्यांना परत देऊन टाक आणि विषय संपव."

"मला हीच हवी."

"का पण?"

"कारण मला ही दिली आहे. टाळ्या वाजवून दिली आहे."

"हा निव्वळ हट्ट आहे."

"आहे," मी म्हणाले. "आणि त्या शेकोटीपाशी तू हसला होतास."

तो खाली गेला. थोड्या वेळाने दोघांचे आवाज ऐकू आले. श्वाबिशमध्ये, भराभर, मला निम्मंच कळलं. संध्याकाळी त्याने इंटरनेटवरून एक नाव शोधून काढलं. कार्ल्सरूहेच्या पलीकडे एका गावात दस्ते करणारी एक बाई होती. "मी गाडी चालवतो," तो म्हणाला.

ती बाई पन्नाशीची, आखूड केसांची. घरामागे वर्कशॉप होतं. आम्ही ठरल्या वेळेआधी पोचलो तर म्हणाली, "लवकर आलात. बाहेर थांबा." आत घेतल्यावर नवरा तिला माझी अडचण समजावून सांगू लागला. "तुम्ही नेम धरणार आहात का?" तिने विचारलं. "नाही? मग त्या खुर्चीवर बसा." मला म्हणाली, "आणि तुम्ही ह्या पातळ ब्लाउजवर माप द्यायला आलात? शिकार काय जुलैत करता?" खुंटीवरचं स्वतःचं जाड जाकीट काढून तिने माझ्या अंगावर फेकलं. त्याला तेलाचा आणि कुत्र्याचा वास येत होता.

आधी तिने मला माझ्याच बंदुकीने अंगणामागच्या पांढऱ्या रंगवलेल्या लोखंडी पत्र्यावर गोळी झाडायला लावली. मधल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरला होता. छऱ्यांचा सडा पडला तो वर आणि उजवीकडे. दुसऱ्यांदा तसाच. तिसऱ्यांदा तसाच.

"तीन वेळा एकाच जागी," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही नीट मारता. डोळा चुकीच्या जागी आहे, बस्स. कोणी दिली ही?"

"सासऱ्यांनी."

"रुंद तोंडाचे आहेत?"

"हो."

"आणि तुमच्यावर राग आहे?"

"हो."

"हं," ती म्हणाली आणि भिंतीवरून एक विचित्र बंदूक काढून आणली. तिचा दस्ता सांध्यासांध्यांतून हलत होता. स्क्रू पिळले की लांब, आखूड, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. माप घ्यायचीच बंदूक ती. तिच्यात गोळी उडवायची पिनही नव्हती, ते तिने मला उघडून दाखवलं. मग समोर जाऊन उभी राहिली आणि स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा. आता उघडा आणि इथे रोखा."

माणसावर नळी रोखायची नाही, रिकामीसुद्धा नाही, हे वर्गात आमच्या डोक्यात इतकं ठोकलं होतं की माझे हात वर होईनात. "रोखा," ती ओरडली. "तुमचा डोळा कुठे आहे हे मला समोरूनच दिसणार." मी रोखली. ती नळीच्या दुसऱ्या टोकाकडून माझ्या डोळ्यात बघत होती. यायची, स्क्रू पिळायची, परत जायची. पुन्हा मिटा, पुन्हा उघडा. माझे खांदे भरून आले. एकदा बंदूक वर आली आणि मला कळलंच नाही की ती आली. काखेत अडकली नाही, छातीत टोचली नाही. डोळे उघडले तर समोर मणी आणि मण्यामागे त्या बाईचा करडा डोळा.

"तिथेच थांबा," ती म्हणाली.

नंतर तिने कामं सांगितली. दस्ता मागून कापायचा, बराच. टाचेचं खालचं टोक तासायचं. मग मुठीपाशी लाकूड गरम तेलाने तापवून पूर्ण दस्ता थोडा वर आणि थोडा डावीकडे वाकवायचा. "जुनं लाकूड आहे. वाकवताना तडकूही शकतं. तडकलं तर मी जबाबदार नाही. करायचं?"

नवरा खुर्चीवरून माझ्याकडे बघत होता. त्याने लहानपणापासून ती बंदूक बापाच्या खांद्यावर पाहिली होती.

"करा," मी म्हणाले.

कापताना मला बघायचं आहे, असं मी सांगितलं. तिने दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळली, शिकंज्यात धरला आणि करवत चालवली. अक्रोडाच्या भुश्शाला कडवट वास असतो. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही. कापलेला तुकडा तिने उचलून विचारलं, "हवाय?" मी नको म्हटलं. तिने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवरा उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

बंदूक काही आठवड्यांनी मिळाली. देताना बाई म्हणाली, "वाकवलेलं लाकूड कधीकधी पूर्वपदावर जातं. महिन्याभराने दाखवायला आणा." मी नेली नाही. मला घाई झाली होती. रेंजवर शरदातली क्लबची स्पर्धा होती आणि सासऱ्यांचं सगळं टोळकं तिथे येणार होतं.

पहिल्या काही तबकड्या फुटल्या. मग हुकू लागल्या. मला कळेना काय होतंय. बंदूक अंगाला बसत होती, गाल दुखत नव्हता, पण डोळ्यासमोर मणी जरा खाली गेल्यासारखा वाटत होता. लाकूड मागे गेलं होतं. मी डोकं उचलायला लागले आणि आणखी हुकल्या. सासरे त्या दिवशी माझ्या मागे उभे नव्हते, खोपीच्या पायऱ्यांवर बसले होते. मी बंदूक सांध्यापाशी उघडून हातावर घेतली आणि तिथून जाऊ लागले, तेव्हा ते मित्रांना म्हणाले, "लाकूड गेलं ते गेलं, नेम काही आला नाही." कापलेला दस्ता ते पहिल्यांदाच बघत होते. त्यावर नजर टिकवता येत नव्हती त्यांना, हे मला दिसलं, आणि हरलेल्या दिवशी मला तेवढंच मिळालं.

कार्ल्सरूहेकडच्या त्या बाईने मला झापलं. "महिन्याने या म्हणाले होते ना? वाचता येतं, ऐकता येत नाही का?" तिने पुन्हा तेल तापवलं, पुन्हा वाकवलं, या वेळी जरा जास्तच, आणि बंदूक स्वतःकडेच ठेवून घेतली. लाकूड स्थिर झाल्याची खात्री झाल्यावर पत्र्यासमोर उभं करून मला गोळ्या झाडायला लावल्या. सडा बरोबर काळ्या ठिपक्याभोवती पडला. "आता तुमची चूक झाली तर ती तुमची," ती म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं सगळ्यात गोड वाक्य ते.

हिवाळ्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी सासऱ्यांच्याच रेंजवर गेले. थंडी होती, जाड जाकीट होतं. "हॉप!" म्हटलं की यंत्रातून तबकडी सुटते. मी म्हटलं, आणि बंदूक वर आली, आणि तबकडी काळ्या धुरळ्यासारखी फुटली. मग पुढची. मी कुठे नेम धरतेय याचा विचारच करत नव्हते, तबकडीकडे बघत होते फक्त. शेजारच्या पट्ट्यावरच्या लोकांनी आपापलं थांबवलं. कोणी शाबास म्हटलं नाही. मी थांबले तेव्हा कोणीतरी खोकलं.

सासरे खोपीच्या दारात होते. "मापाची बंदूक हातात असली की कोणीही मारेल," ते मोठ्याने म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "तुम्हीसुद्धा तशीच मारायचात."

दस्त्याला हात लावायला नकार दिलेला बंदुकांचा दुकानदार तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. सासरे आत गेले आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर मी खाली जेवायला गेले नाही आणि कोणी बोलावलंही नाही. रविवारी नवरा आधी खाली जेवायचा, मग वर येऊन माझ्याबरोबर पुन्हा थोडं खायचा. त्याचं वजन वाढलं. तळघरातल्या वॉशिंग मशीनवर सासऱ्यांनी आमचे वार ठरवून दिले. माझ्या फोडणीचा वास जिन्यात येतो म्हणून जिन्याची खिडकी भर जानेवारीत उघडी राहू लागली. मी बंद करायचे, ते उघडायचे. रानातल्या हाक्याला त्या वर्षी मला कोणी विचारलं नाही, बंदूकवाली म्हणून नाही आणि काठीवाली म्हणूनही नाही. नेकार नदीपलीकडच्या शिकाऱ्यांच्या एका टोळीने बोलावलं, तिथे मी दोन ससे मारले. गाव लहान. ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असणारच.

घर सोडायचं नवऱ्याने ठरवलं, मी नाही. फेब्रुवारीत एका सकाळी तो खिडकी बंद करायला उठला, परत आला आणि म्हणाला, "मी फ्लॅट बघतो." बापाबद्दल तो एवढंच बोलला.

सामान हलवायच्या दिवशी सासरे खालच्या दारात उभे होते. खोकी गेली, सोफा गेला. नवरा बंदुकीचं म्यान घेऊन उतरला तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"ती इथे राहील. घरातली आहे."

"ती तिची आहे, बाबा," नवरा म्हणाला.

"मी दिली होती, मी परत घेतो."

मी जिन्यावरून खाली आले. नवऱ्याच्या हातून म्यान घेतलं, बंदूक काढली, उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं त्यांना दाखवलं आणि त्यांच्या हातात दिली.

"लावून बघा खांद्याला," मी म्हणाले. "बसली तर ठेवा."

त्यांनी खरंच लावली. सवयीने, सफाईने, एका झटक्यात. आणि त्यांचं नाक थेट स्वतःच्याच अंगठ्यावर जाऊन टेकलं. त्यांनी मान मागे ओढली, पुन्हा लावली. आता दस्त्याची कड त्यांच्या जबड्याच्या मधोमध येत होती आणि डोळा नळीच्या कितीतरी वर होता. त्यांनी कोपर बाहेर काढलं, खांदा मागे नेला, पाय बदलले. उंच माणूस, लहान मुलाच्या डेस्कवर बसवल्यासारखा दिसत होता. मी बघत राहिले. मला दया आली नाही.

त्यांनी बंदूक खाली घेतली. जाळी कोरलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"काय केलंस तू हिचं," ते म्हणाले.

"माझ्या मापाची केली."

त्यांनी बंदूक उघडली, दस्ता माझ्याकडे करून परत दिली आणि आत निघून गेले. आम्ही उरलेली खोकी गाडीत भरली. निघताना नवऱ्याने दोनदा बेल वाजवली, दार उघडलं नाही. मग आम्ही निघालो.

आता आम्ही नाताळला भेटतो, गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळीत. त्यांच्या घरी मी जात नाही, आमच्या घरी ते येत नाहीत, आणि बिल नवरा देतो. सासरे हवेबद्दल बोलतात, दुखऱ्या कंबरेबद्दल बोलतात. मी ऑफिसबद्दल बोलते. हस्तांदोलन करून आम्ही आपापल्या गाडीत बसतो, आणि पुढचं वर्षभर एकमेकांच्या वाटेला जात नाही.